एक कट, चार खुर्च्या

सीताबर्डीवरच्या आमच्या हॉटेलला गेल्या दसऱ्याला नवं तोंड बसवण्यात आलं. 'नवं तोंड' ही माझी फोड. कर्जाच्या अर्जात 'फेसलिफ्ट' असा शब्द होता. त्या अर्जावर आवक-शिक्का मारणारा हात माझाच. तेव्हा पुढे मी जी काही आरडाओरड करणार आहे, ती 'चोराच्या उलट्या बोंबा' या सदरात जमा करायला माझी हरकत नाही.

हॉटेलचं नाव मात्र विचारू नका. ग्राहकाची गोष्ट चव्हाट्यावर आणायची नाही हा बँकेचा दंडक, आणि तो गेली बावीस वर्षं मी इतक्या निष्ठेने पाळतो आहे की सौ.ने घरखर्चाचा हिशेब विचारला तरी मी आधी तिचं ओळखपत्र मागतो. शिवाय नाव सांगून उपयोगही नाही, कारण ते बदललं. पूर्वी दारावर एका देवाचं नाव आणि त्याखाली 'शुद्ध शाकाहारी उपाहारगृह' अशी पाटी होती. देव गेला, उपाहारगृहही गेलं. आता तिथे बारीक अक्षरांत एक फ्रेंच शब्द आहे. त्याचा उच्चार मालकाचा नातू एक करतो, दारावरचा वॉचमन दुसरा करतो, आणि ऑटोवाले 'ते जुनं हॉटेल होतं नं, तेथं' असं म्हणून आणून सोडतात.

आणखी एक खुलासा. मराठी मध्यमवर्गाच्या भाषेत हॉटेल म्हणजे जिथे खातात-पितात ती जागा. जिथे झोपतात तिला लॉज म्हणतात. आणि जिथे खाताही येतं, झोपताही येतं, पण बिल पाहिल्यावर दोन्ही उडून जातं, तिला फाइव्ह स्टार म्हणतात. आमचं हॉटेल पहिल्या जातीचं.

ते साठी उलटलेलं होतं. साठी उलटली की बँकेत माणसाला नारळ देतात. हॉटेलला डिझायनर देतात. सागाच्या तुळया, पंधरा फूट उंच छत, दीड हात जाडीच्या भिंती आणि समोरासमोर दोन दारं, एवढीच त्याची श्रीमंती. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलेला नाही, त्यांना या चार गोष्टींचं महत्त्व कळायचं नाही. पारा पंचेचाळिसावर गेला की आमच्याकडे वारा लागत नाही, चावतो. त्यावर जुन्या माणसांनी साधा तोडगा काढला होता. ऊन आत येऊ द्यायचं नाही, आणि आलीच तापलेली हवा, तर तिला डोक्यापासून लांब, वर छताशी बसवून ठेवायची. दारांना वाळ्याच्या ताट्या आणि त्यांवर पाणी. मी जाऊ लागलो तेव्हा ताट्यांच्या जागी कूलर आले होते, पण त्यांच्या जाळ्यांत वाळाच भरलेला असे. बाहेरच्या भट्टीतून आत पाऊल टाकलं की नाकाला आधी वाळा कळायचा, मग चहा, मग तर्री.

इथे बसून 'एक कट' म्हणायचं. मुंबईकर ज्याला कटिंग म्हणतात तो आमचा कट. पुण्याच्या वाचकांसाठी 'अर्धा कप चहा' एवढं सांगितलं तरी पुरे. अर्ध्या कपाची कल्पना त्यांना फोड करून सांगावी लागत नाही.

आमचं टेबल चौघांचं. एक निवृत्त गणिताचे मास्तर, एक विमा एजंट, एक कोर्टाबाहेर झाडाखाली बसून टायपिंग करणारे गृहस्थ आणि प्रस्तुत लेखक. महिन्याच्या सुरुवातीला चार कट आणि दोन प्लेट पोहे. वीस तारखेनंतर चार कट. आणि अगदी अखेरीस एक कट नि तीन रिकाम्या बश्या. वेटरला सांगावं लागत नसे. कॅलेंडर बघून तो बश्या आणायचा.

या टेबलावर काय झालं नाही? मास्तरांनी माझ्या मुलाला वर्गसमीकरणं कागदी रुमालावर शिकवली. (कागदी रुमाल कोणत्या तरी लग्नातले; हॉटेलात नव्हते.) एजंटसाहेबांच्या कार्डावर पत्ता याच हॉटेलचा होता, आणि टपालही येत असे. दोन सोयरिकी जमल्या, एक मोडली. टायपिंगवाल्यांच्या मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाला जामीन हवा होता, तो मास्तर झाले. सही याच संगमरवरावर कागद ठेवून केली, म्हणून त्या कागदावर चहाचा गोल डाग आहे. तो डाग बँकेच्या दप्तरी आजही सुरक्षित आहे.

असो. तर मालकाचा नातू पुण्याहून शिकून आला. पोरगा गुणी. आजोबा गल्ल्यावर बसून झोपत. हा उभा राहून मोबाइल बघतो, म्हणजे प्रगती आहेच. कर्जाचा अर्ज घेऊन आला तेव्हा मीच म्हटलं, "काहून रे बाबा, चांगलं चाललं आहे नं?"

"काका, इमोशनवर हॉटेल नाही चालत," तो म्हणाला. "तुम्ही चौघं दोन तास बसता, बिल होते चाळीस रुपये. तेवढ्यात त्या टेबलवर तीन पार्ट्या बसून जातात."

"अरे, पण आम्ही तुझ्या आजोबांच्या काळापासून..."

"तेच तर म्हणून राहिलो नं काका. आजोबांच्या काळापासून चाळीसच होऊन राहिले."

यावर उत्तर नव्हतं. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. आकडा समोर आला की माझी मान आपोआप खाली जाते. बर्डीवरचं भाडं, विजेचं बिल, जीएसटी, गॅस, पगार, सगळे आकडे खरे होते. मी फाइल उघडली.

फाइलीत खर्चाचा अंदाज होता. जुनं फर्निचर, भंगारात: आठ हजार रुपये जमा. नवं फर्निचर, 'व्हिंटेज लुक': सहा लाख चाळीस हजार रुपये खर्च. मी दोन्ही ओळी तीनदा वाचल्या. म्हणजे खरोखरच जुन्या खुर्च्या विकायच्या, आणि जुन्या दिसणाऱ्या नव्या खुर्च्या आणायच्या. जुनं होण्यासाठी आमच्या खुर्च्यांनी साठ वर्षं घालवली, हाच त्यांचा गुन्हा.

त्या खुर्च्या साध्या नव्हत्या हो. वाकवलेल्या लाकडाच्या, इराण्याकडे असतात तशा. व्हिएन्नाच्या मिकाएल थोनेटने वाफेवर लाकूड वाकवून १८५९ साली जी खुर्ची बाजारात आणली, तिची ही नातवंडं. मूळ खुर्चीत लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. मोडून भरल्या तर मीटरभर लांबी-रुंदी-उंचीच्या एका खोक्यात छत्तीस मावत. म्हणून तर त्या जगभर गेल्या. आता हिशेब करा. अशी एक खुर्ची बारा रुपयांना घेतली आणि तिच्यावर दरसाल दहा टक्के घसारा धरला (उरलेल्या किमतीवर; आमच्या पुस्तकातला नियम), तर साठ वर्षांनी तिची किंमत वहीत सुमारे दोन पैसे उरते. वहीच्या दृष्टीने मी बावीस वर्षं दोन पैशांच्या वस्तूवर बसलो. आणि तीच खुर्ची भंगारवाल्याकडून जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली की हजारांत विकली जाते.

पण खुर्च्यांचं दुःख मी गिळलं असतं. खरी मेख दुसरीच आहे, आणि ती मला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कळायला हवी होती. गुडविल नावाची एक चीज हिशेबशास्त्रात असते. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा त्याच दारात येतं, ती किंमत. नियम असा की दुसऱ्याचा धंदा विकत घेताना गुडविलसाठी मोजलेले पैसे ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येतात. पण स्वतःच्या धंद्यात, स्वतःच्या वागण्याने, साठ वर्षांत कमावलेलं गुडविल दाखवता येत नाही. मोजता येत नाही म्हणून मांडायचं नाही. त्यामुळे नातवाच्या ताळेबंदात काउंटर होता, फ्रीज होता, इडलीचं भांडंसुद्धा होतं, आम्ही नव्हतो. जे वहीत नाही, ते काढून टाकलं तरी वहीत नोंद करावी लागत नाही. मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मेळाव्यासाठी तीनशे प्लेट पोहे मागवले होते, एजंटसाहेबांचे पक्षकार रोज चहा-नाश्ता करून जात, मी निम्म्या कर्जदारांना 'तिथे बसा, मी येतो' म्हणून पाठवत असे. ही सगळी वसुली त्या चाळीस रुपयांच्या टेबलाचीच. फक्त दुसऱ्या टेबलांच्या बिलावर चढलेली.

हे सगळं मला तेव्हा नातवाला सांगायला सुचलं नाही. मी फाइलवर क्रमांक टाकला, जागेचे 'पूर्वीचे' फोटो जोडले, शिक्का मारला आणि साहेबांकडे सरकवली.

साडेचार महिन्यांनी पडदा उघडला. छत खाली आलं होतं. वरती खोटं छत, आणि त्या खोट्या छतालाही भोकं पाडून त्यातून नळ्या बाहेर दिसतील अशी सोय. भिंतींचा गिलावा खरवडून विटा उघड्या टाकलेल्या. याला 'इंडस्ट्रियल लुक' म्हणतात असं कळलं. आम्हा बँकवाल्यांना विटा उघड्या दिसल्या की एकच शंका येते, की घरकर्जाचा पुढचा हप्ता सुटलेला नाही. मी त्या भिंतीकडे बघून सवयीने मनातल्या मनात तपासणी-अहवाल लिहून टाकला: काम अपूर्ण.

रस्त्याच्या बाजूची जाड भिंत पाडून तिथे वरपासून खालपर्यंत काच लावली होती. ती बाजू पश्चिमेची. पश्चिमेला, नागपुरात, काच! हे म्हणजे कोकणात छप्पर जाळीचं करण्यासारखं झालं. दुपारी तीननंतर काचेजवळच्या टेबलावर ठेवलेलं आइस्क्रीम आपण होऊन मिल्कशेक होतं, आणि एसी बिचारा सूर्याशी कुस्ती खेळत बसतो. नातू म्हणतो, बाहेरून आतली गर्दी दिसली पाहिजे. ठीक आहे, पण आत भाजत असलेली गर्दी बघून कोण येणार?

बसायला उंच स्टुलं आहेत, पाठ नसलेली. मास्तर वय वर्षे शहात्तर. त्यांना स्टुलावर चढवायला एजंटसाहेबांनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरची पोरं मोबाइल काढून तयार झाली. चढल्यावर पाय अधांतरी. मास्तर म्हणाले, "उतरताना सांगा, मी डोळे मिटतो." मेन्यूकार्ड नव्हतंच, टेबलावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, त्याचा मोबाइलने फोटो काढायचा म्हणजे पदार्थ उमटतात. मास्तरांचा फोन बटणांचा. पोहे होते. नाव वेगळं, बाजूला सुका मेवा, वर सांबार (नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, गैरसमज नसावा) आणि किंमत एकशे नव्वद. कट नव्हता. सर्वांत लहान चहा एकशे दहा रुपयांचा, आणि तो काचेच्या बरणीत येतो, लोणचं संपल्यावर राहते तशा. टेबलाच्या कडेला एक सुबक पितळी पट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की गर्दीच्या वेळी कृपया साठ मिनिटांत टेबल मोकळं करावं.

आता हे साठ मिनिटांचं प्रकरण. माझं म्हणणं असं आहे की जगातल्या बऱ्याच उपयोगी गोष्टी एकसष्टाव्या मिनिटाला झालेल्या आहेत. लंडनमध्ये १६८८ च्या सुमारास एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफी हाऊस होतं. जहाजांचे मालक नि कप्तान तिथे तासन्‌तास बसत, बुडालेल्या नि न बुडालेल्या बोटींच्या गप्पा मारत. त्या गप्पांतून सागरी विम्याचा जगातला सर्वांत मोठा बाजार उभा राहिला, आणि त्याला नाव अजून त्या हॉटेलवाल्याचंच आहे. लंडनचा शेअर बाजारही जोनाथनच्या कॉफी हाऊसमधल्या बैठकीतूनच निघाला. लॉइडने डिझायनर बोलावून उंच स्टुलं टाकली असती, तर सागरी विमा जन्मालाच आला नसता आणि मी त्या पेपरात नापास झालो नसतो. एवढा एक फायदा मी मान्य करतो.

फार वेळ बसणाऱ्या माणसाची राज्यकर्त्यांना भीतीच वाटत आलेली आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरात सगळी कॉफी हाऊसं बंद करण्याचा फतवा काढला. तिथे लोक राजाविषयी वाटेल ते बोलतात म्हणे. एवढा ओरडा झाला की दहा दिवसांत फतवा मागे. आपल्याकडे कॉफी सेस कमिटीने १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस काढलं. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने ही दुकानं गुंडाळायला घेतली, कामगार रस्त्यावर आले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्या वेटरांनी सहकारी संस्था काढल्या आणि हॉटेलं आपणच चालवायला घेतली. पहिली संस्था बंगळूरला, ऑगस्ट १९५७. १९५८ सरेपर्यंत आमच्या नागपुरातही इंडियन कॉफी हाऊस आलेलं होतं. डोक्याला फेटा, त्याला पंख्यासारखा तुरा, कमरेला रुंद पट्टा अशा थाटात वेटर यायचा आणि एका कॉफीवर दुपार काढणाऱ्या माणसाकडे तो कधी घड्याळ दाखवून बघत नसे. कारण हॉटेल त्याचंच होतं, त्याला कोणाला पळवायची घाई नव्हती. दिल्लीत कॅनॉट प्लेसमधलं कॉफी हाऊस मात्र १९७६ साली, आणीबाणीत, जमीनदोस्त करण्यात आलं. तिथल्या टेबलांवर चालणारं राजकारण सरकारला खुपत होतं, असं तेव्हापासून बोललं जातं. मराठीत 'कट' या शब्दाला दोन अर्थ आहेत. सरकारला बहुधा दुसराच ठाऊक असावा. आता त्या जागी पालिका बाजार आहे. तेव्हा हॉटेल मोकळं करायला बुलडोझर लागला होता. हल्ली एक पितळी पट्टी पुरते.

हे सगळं मी घरी जेवताना तावातावाने सांगितलं. सौ.ने पोळी वाढता वाढता विचारलं, "बावीस वर्षांत मला किती वेळा नेलंत तुमच्या त्या हॉटेलात?"

मी आठवू लागलो.

"दोनदा," तीच म्हणाली. "दोन्ही वेळा त्या पडद्यामागच्या फॅमिली रूममध्ये बसवलं, मोरीच्या बाजूला. टेबल पुसायचं फडकं बघून मी कप हातातच धरून बसले होते. आणि बायकांसाठी संडास नव्हता. आता आहे. स्वच्छ आहे. आमची भिशी परवा तिथेच झाली, चार वाजेपर्यंत बसलो, कोणी वळून बघितलं नाही."

हा वार बरोबर बसला. खरं सांगायचं तर ते फडकं मी विसरूनच गेलो होतो. त्याचा रंग मूळचा कोणता, यावर आम्ही चौघांनी पैजा लावल्या होत्या. टेबल पुसणारा पोऱ्या दहा-अकरा वर्षांचा असे, आणि त्याला 'ए बारक्या' म्हणून हाक मारताना आम्हाला काही वाटत नसे, हेही या निमित्ताने लिहून टाकतो. या गोष्टी गेल्या ते उत्तम झालं. संडास बांधायला, तारा बदलायला, स्वयंपाकघरातला धूर काढायला कर्ज मागितलं असतं तर मी शिक्का दोनदा मारला असता. हात न लावता जुनं तसंच ठेवा असं म्हणणाऱ्यांनी मुंबईत काळा घोड्याला जाऊन वॉटसन हॉटेल बघावं. १८६० च्या दशकात विलायतेत ओतलेल्या लोखंडाचा सांगाडा आणून उभारलेलं. ७ जुलै १८९६ ला लुमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा तिथे दाखवला गेला. एवढ्या पुण्याईवर ते बसून राहिलं, डागडुजी झाली नाही, आणि २००५ साली त्याच्या सज्जाचा भाग कोसळला.

पण म्हणून माणसं बदलायची का? माझ्या टायपिंगवाल्या मित्राचे वडील तालुक्याच्या गावी हॉटेलबाहेर उभं राहून चहा पीत. त्यांची कपबशी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात; पिऊन झाली की ती त्यांनीच विसळून ठेवायची. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा दिली तेव्हा हे वडील पायी चालत आले होते. त्यांचा मुलगा आमच्या टेबलावर बसून मास्तरांच्या बशीत आपला अर्धा कट ओतायचा. हे होण्याला किती वर्षं आणि किती माणसं खर्ची पडली, त्याचा अंदाज कोणत्या फाइलीत नाही. आता दारावर कोणाला मनाई नाही. पाटीसुद्धा नाही. एकशे दहा रुपयांचा चहा आहे, बस्स. गेल्या महिन्यात माझ्या डोळ्यांसमोर भंडाऱ्याकडचा एक बाप मुलाला 'मेडिकल'मध्ये दाखवून, काखेत एक्स-रेचं पाकीट धरून त्या दाराशी आला. वॉचमनने अगदी अदबीने विचारलं, "रिझर्व्हेशन है क्या, काका?" त्याला रिझर्व्हेशन म्हणजे रेल्वेचं वाटलं. "नाही जी, आम्ही यष्टीनं आलो," असं सांगून तो पोराला घेऊन पुढे गेला.

(आमच्या बँकेचंही विलीनीकरणानंतर नूतनीकरण झालं. काउंटरच्या जाळ्या गेल्या, निळे सोफे आले. पेन्शनरांचं लाकडी बाक मात्र नव्या नकाशात बसलं नाही. एक तारखेला ते उभे असतात. हे मी कंसात लिहिलं आहे, कारण मला अजून तेरा वर्षं नोकरी करायची आहे.)

नवं करताना जुनं राखता येतच नाही, हेही खोटं. मुंबईचा ताज घ्या. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्यांचा; काम पुरं होण्याआधी ते वारले, चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते तडीस नेलं आणि १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. पहिल्या महायुद्धात तिथे सहाशे खाटांचं इस्पितळ होतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ते जळलं, आणि जुना भाग १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा सुरू झाला: आतल्या खोल्या नव्या, पण घुमट नि मधला तो जिना पूर्वीचाच. अर्थात ताजमध्ये बसून कट मागायची सोय पूर्वीही नव्हती. तेव्हा त्यांच्याकडे फक्त जिना राखण्याचा प्रश्न होता. त्याहून गंमत लंडनची. तिथे २०१० साली 'डिशूम' नावाचं हॉटेल निघालं. मुंबईच्या इराण्याची हुबेहूब नक्कल: वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, वर गरगरणारे पंखे, भिंतीवर जुने फोटो. दाराबाहेर रांगा लागतात. म्हणजे तिकडे लाखो पौंड खर्चून आमचं जुनं हॉटेल नवं बांधतात, आणि इकडे आम्ही आठ हजार रुपयांत ते भंगारात घालतो. मुंबईत कयानी १९०४ पासून आणि पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५ पासून चहा पाजत उभं आहे. त्यांना बघायला नातवाला लंडनचं तिकीटही काढावं लागलं नसतं.

आमचं टेबल आता मेट्रोच्या खांबाखाली, एका हातगाडीपाशी आहे. टेबल म्हणजे उभं राहायची जागा. चहा चांगला असतो, कट दहा रुपयांना. पण मास्तरांना अर्ध्या तासावर उभं राहवत नाही. आधी रोज यायचे, मग मंगळवार-शुक्रवार, आणि संक्रांतीपासून आलेच नाहीत. मी घरी गेलो होतो. खिडकीजवळ बसून जुने पेपर सोडवत होते. म्हणाले, "गणितं सगळी सुटतात हो. सांगायला कोणी नाही." एजंटसाहेबांनी नवी कार्डं छापली. पत्त्याच्या जागी फोननंबर आहे.

लग्नाच्या वाढदिवसाला सौ. म्हणाली, चला तुमच्या हॉटेलात, आज मी नेते. गेलो. पाठ असलेली दोन खुर्च्यांची जागा मिळाली, काचेपासून लांब. समोरच्या उघड्या विटांवर एक भला मोठा फोटो लावला होता, तपकिरी रंगात, कडा जळाल्यासारख्या. जुनं हॉटेल. उंच छत, संगमरवरी टेबल, त्याभोवती चार माणसं, पुढे एक कप आणि तीन बश्या. मी चष्मा पुसला. कर्जाच्या फाइलला मीच टाचणीने जोडलेला 'पूर्वीचा' फोटो तो. नातवाने मोबाइलवर काढलेला. त्यातला एजंटसाहेबांचा मोबाइल तेवढा पुसून टाकला होता आणि रंग काढून घेतले होते.

ऑर्डर घ्यायला आलेल्या पोराला सौ.ने विचारलं, "हे कोण हो फोटोतले?"

"विंटेज आहे मॅम," तो म्हणाला. "डिझायनर सरांनी नेटवरून काढलेत. नाइन्टीन फोर्टीजचे लोक आहेत ते."

सौ. बराच वेळ फोटोकडे बघत होती. मग म्हणाली, "त्या तिसऱ्याच्या अंगातलं स्वेटर मी विणलंय."

"ओके मॅम," पोरगा म्हणाला, आणि पाणी साधं की बाटलीचं, ते विचारलं.